म्हाताऱ्यांचं कोठार

पूर्वी गंगेच्या काठच्या शंखवती नगरात सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नावाड्याच्या घरी जन्माला आला. आईबापांनी नाव ठेवलं तारक. तो वाढला, वल्हं धरायला शिकला, नदीचा स्वभाव त्याला कळू लागला. पण घाटावर त्याचं नाव झालं ते दंडाच्या ताकदीमुळे नव्हे. तो दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नसे आणि खोटं बोलत नसे. असा माणूस सापडला की लोक त्याच्या गळ्यात किल्ल्या बांधून मोकळे होतात. नावाड्यांनी तारकाला म्हाताऱ्यांच्या कोठाराचा कोठारी केलं.

हे कोठार काय होतं ते आधी सांगायला हवं. शंखवतीचे उतारू नावाड्याला भाडं धान्यात देत. दिवस मावळताना प्रत्येक नावाडी आपल्या कमाईतली एक मूठ घाटावरच्या रांजणात टाकी. ती मूठ म्हाताऱ्यांची. आज चालणारे हात उद्या चालणार नाहीत, हे पूर्वजांना ठाऊक होतं. रांजण भरला की धान्य कोठारात जाई, आणि ज्या म्हाताऱ्याला पोसणारं कोणी नाही त्याला तिथून दर महिन्याला शिधा मिळे. पूर्वजांनी अट एकच घातली होती, की विचारून द्या. म्हणजे त्याच्या ओट्यावर जाऊन बसा, पाणी प्या, आणि हळूच विचारा, बाबा, कसं चाललंय.

पुढच्यांनी त्या विचारण्याचा सोहळा केला. कार्तिकी पौर्णिमेला सगळे नावाडी घाटाच्या पायऱ्यांवर जमत. ज्याला शिधा हवा त्यानं आपलं वल्हं दगडावर ठेवायचं. मग प्रमुखानं खणखणीत आवाजात विचारायचं, "तुला पोसणारं घरात कोण?" आणि त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, "कोणी नाही." मग त्याच्या मुलाला पुढे बोलावून विचारायचं, "बाप म्हणतो ते खरं का?" आता तुम्हीच सांगा, कोणता बाप हे बोलेल? आणि बोललाच, तर त्या घरात पुन्हा मुलगी कोण देईल?

म्हणून कोणी बोलत नसे. तारकाला कळू लागल्यापासून एकही वल्हं त्या दगडावर आलं नव्हतं. कोठार दरवर्षी काठोकाठ भरे, आणि नावाड्यांचा प्रमुख बलाहक ते दार उघडून सगळ्यांना दाखवी. "बघा," तो म्हणे, "आपल्यात एक म्हातारा उपाशी नाही." राजालाही ही गोष्ट फार आवडे. तो दरबारात इतर धंद्यांच्या लोकांना नावाड्यांचा दाखला देई. शिल्लक धान्य नव्या पिकाला जागा करायची म्हणून त्याच दिवशी शिजवत, आणि पंगतीवर पंगती उठत. म्हाताऱ्यांचं धान्य तरण्यांनी खायचं आणि वर ढेकर देऊन म्हणायचं, आमचे म्हातारे सुखात आहेत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तारकालाही वाटत नव्हतं. कोठारी झाल्यावर पहिल्या पंगतीला तो वाढायला उभा राहिला, तेव्हा त्याला वाटलं. वाढणाऱ्याला पानं दिसतात, जेवणाऱ्याला फक्त आपलं पान दिसतं. म्हाताऱ्यांच्या रांगेत तिंबरू बसला होता. लहानपणी तारकाला वल्हं मारायला यानंच शिकवलं होतं. तिंबरू मान वर न करता जेवत होता, आणि मध्येच भाताचा मुटका करून उपरण्याच्या टोकात बांधत होता. तारकाच्या मनात आलं, काकूला बरं नसेल, तिच्यासाठी नेत असेल. मग त्यानं शेजारचं पान बघितलं. तिथलं उपरणंही फुगलेलं होतं. त्या पलीकडचंही तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्या होड्या पाण्यात असताना, तो तिंबरूच्या घरी गेला. तिंबरू जाळ्याची भोकं सांधत होता. त्याची बायको पाटली चुलीपाशी बसली होती, आणि चूल थंड होती.

"काका, आज काय जेवलात?" तारकानं विचारलं.

"सकाळी पेज झाली."

"आणि काल? म्हणजे पंगतीच्या आधी?"

"पेजच. या वयात जड पचत नाही बाळा."

पाटली म्हणाली, "पेजेत शितं शोधायला माझे डोळे राहिले नाहीत. म्हणून बरं चाललंय."

"गप बस," तिंबरू म्हणाला. पण त्यात जोर नव्हता.

त्यांचा मुलगा सोणक काही राक्षस नव्हता. तसा असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो राबणारा होता, बायकोपोरांवर माया करणारा होता, आईबापाला उलट बोलत नसे. झालं होतं ते एवढंच. सोणकाच्या लग्नात तिंबरूनं होडी त्याला देऊन टाकली, कारण होडी नसलेल्या नवऱ्याला मुलगी मिळत नाही. मग एका वाईट हंगामात, घरात धान्य थोडं होतं तेव्हा, म्हातारा म्हणाला होता, "तुम्ही जेवा, मला भूक नाही." हंगाम पुढे सुधारला, पण घरानं म्हाताऱ्याचं ते वाक्य जपून ठेवलं. सून आधी पोरांना वाढी, मग नवऱ्याला, आणि भांड्याच्या बुडाशी जे उरे त्यात पाणी घालून सासूसासऱ्यांना देई. त्यांना भूक नसतेच, असं ती शेजारणींनाही सांगे, आणि तिचा त्यावर खरोखरच विश्वास होता.

"काका," तारक म्हणाला, "कोठार तुमचंच आहे. आयुष्यभर तुम्ही मूठ टाकलीत. पुढच्या पौर्णिमेला या. मागा म्हणत नाही, घ्या म्हणतो."

"आणि चारचौघांत पोटच्या पोराचं नाक कापू? नातीचं लग्न व्हायचंय अजून. नको रे बाबा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकलेली आहे काका, पण आत काहीच नाही."

तिंबरू जाळ्याची गाठ मारत राहिला.

तारक त्या महिन्यात घरोघर फिरला, आणि दोन तऱ्हेचे लोक त्याला भेटले. काही आधीच हात रिकामे करून बसले होते. त्यांना सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. पण काहींच्या केसांत नुकतीच पांढरी बट आली होती, त्यांना तो बसवून सांगे. वल्हं मुलाच्या हातात द्या, होडी देऊ नका. ती तुमचीच ठेवा, मुलाला चालवायला द्या, आणि भाड्यातला चौथा हिस्सा घाटावरच आपल्या पदरात घ्या. घरात जाऊन, सुनेच्या हातून, घेऊ नका. ज्या खोपटात राहता ते तुमच्या डोळ्यांदेखत कोणाच्या वाट्याला घालू नका. नवराबायको दोघांनाही काय आहे, कुठे आहे ते ठाऊक असू द्या, कारण दोघं एकदम जात नाहीत. आणि भूक लागली असेल तर भूक नाही असं चुकूनही म्हणू नका.

लोक माना डोलावत. "बरोबर आहे तुझं," म्हणत. मग लग्नसराई आली, मांडवात व्याही रुसून बसला, आणि त्यांनी होड्या देऊन टाकल्या. एखाददुसऱ्यानं ऐकलं. त्याला लोक म्हणाले, म्हातारा कवडीचुंबक आहे, वर नेणार आहे बहुतेक होडी.

मग तारक बलाहकाकडे गेला. त्यानं सांगितलं, की ही रीत बदला. ज्याचे हात थकले त्याला शिधा द्या, काही विचारू नका.

बलाहकानं शांतपणे ऐकून घेतलं. तो दुष्ट नव्हता, त्याला फक्त आपल्या भरल्या कोठाराचा अभिमान होता. "न विचारता द्यायला लागलो," तो म्हणाला, "तर ज्याचा मुलगा तूप वाढतो तोही येऊन उभा राहील. फुकटचं कोणाला नको असतं?"

"आला तर येऊ दे. त्यानंही मूठ टाकलेली आहे."

"आणि उपाशी आहे कोण? मला एक तरी माणूस दाखव. एक म्हातारा त्या दगडावर वल्हं ठेवून बोलू दे. त्याच दिवशी मी रीत मोडतो, माझा शब्द."

तारक ते ऐकून तिंबरूकडे परतला. एका माणसानं एकदा बोलायचं होतं. मग पुढे कोणाला कधीच बोलावं लागणार नव्हतं. तोवर पाटलीचे हात काटकुळे झाले होते आणि उठताना ती भिंत धरत होती. तिच्याकडे बघून तिंबरू म्हणाला, "बोलेन."

कार्तिकी पौर्णिमेला तो खरोखर आला. म्हातारा पायऱ्या उतरला, आणि त्यानं वल्हं दगडावर ठेवलं. घाटावर अशी शांतता पसरली की होड्यांवर आपटणारं पाणी ऐकू येत होतं. बलाहक उठला. त्यानं रीतीप्रमाणे विचारलं,

"तिंबरू, तुला पोसणारं घरात कोण?"

तिंबरूनं सोणकाकडे पाहिलं. सोणक पंचांच्या मागे उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो डोळ्यांनी बापाची विनवणी करत होता. लहानपणी भोवऱ्यात सापडला होता तेव्हा त्यानं बापाकडे तसंच पाहिलं होतं. तेव्हा तिंबरूनं उडी टाकली होती. आताही टाकली.

"माझा मुलगा पोसतो," तो म्हणाला. "दोन वेळ. तूपभात."

"मग वल्हं का ठेवलंस?"

"जुनं झालंय. कोणाला हवं असलं तर न्या, एवढंच सांगायचं होतं."

लोक खो खो हसले. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याची साठी बुद्धी नाठी झालीय. सोणकानं पुढे होऊन बापाला हाताला धरून वर नेलं, आणि बायकांनी एकमेकींना सांगितलं, पोरगा असावा तर असा. त्या दिवशीची पंगत फार रंगली.

पौषात तिंबरू गेला. कशानं गेला असं विचारलं तर सगळे म्हणत, वयानं. तेराव्याला सोणकानं कर्ज काढून गाव जेवू घातलं. बापाच्या तोंडी जे तूप होतं ते त्या दिवशी लोकांच्या पानांवर आलं. पाटली कोपऱ्यात बसून ते वाहणारं तूप बघत होती.

तारकानं त्या दिवसापासून रीत बाजूला ठेवली. विचारल्याशिवाय कोठारातला दाणा हलवायचा नाही हा नियम त्याला पाठ होता, आणि तो मोडणाऱ्याला काय म्हणतात तेही ठाऊक होतं. पण धान्य ज्याचं त्याला पोचवणं ही चोरी असेल, तर ती करायची असं त्यानं ठरवलं. दुपारी होड्या पाण्यात असताना तो डोक्यावर टोपली घेऊन पाटलीकडे गेला.

"काकू, कोठारातलं धान्य आहे. खडे फार आहेत. निवडून द्याल?"

"मला खडा दिसतो का रे आता?"

"बोटांना कळतो की."

"आणि निवडणावळ?"

"त्यातलंच अर्धं."

पाटली त्याच्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. "महाग निवडणारीण गाठलीस," ती म्हणाली आणि तिनं सूप पुढे ओढलं.

मग तो दुसऱ्या घरी गेला आणि तिसऱ्या घरी गेला. ज्यांना भीक म्हणून एक दाणा चालला नसता ते सगळे निवडायला बसले. दुपारी सून नदीवर गेली की चुलीवर मूठभर तांदूळ चढे. पावसाळा सरेपर्यंत म्हाताऱ्यांच्या गालांवर थोडं मांस आलं. मुलं म्हणाली, यंदा हवा चांगली आहे.

तारकानं काही लपवलं नाही. पण कार्तिकापर्यंत कोठारात डोकावायची कोणाची पद्धत नव्हती.

त्या वर्षीच्या पौर्णिमेला राजाचा अमात्य स्वतः आला होता. कोठाऱ्याला सोन्याचं कडं द्यायचं राजानं ठरवलं होतं. बलाहक थकला होता आणि त्याच्यामागे तारकालाच प्रमुख करायचं पंचांचं ठरलं होतं. वाजतगाजत सगळे कोठारापाशी आले. दार उघडलं तर कोठार अर्धं रिकामं.

बलाहकानं दार पुन्हा लोटून घेतलं. तो तारकाच्या कानाशी लागला. "उंदीर म्हण," तो कुजबुजला. "कीड लागली म्हण. मी मान्य करतो, पंच मानतील. अमात्याला पुढल्या वर्षी भरलेलं दाखवू."

तारक मोठ्यानं म्हणाला, "उंदरांनी नाही खाल्लं. म्हाताऱ्यांनी खाल्लं."

"कोणत्या म्हाताऱ्यांनी? नावं सांग."

"नावं सांगणार नाही."

"सांगितलीस तर तू सुटतोस. नाही सांगितलीस तर तूच चोर."

तारकाच्या जिभेच्या टोकाशी नावं होती. एकेक नाव घेतलं असतं तर एकेक घर घाटावर उघडं पडलं असतं, आणि खाल्लेला घास म्हाताऱ्यांच्या घशात उलटा फिरला असता. त्याचं कडं त्यांच्या लाजेतून घडलं असतं. ते त्याला नको होतं.

बलाहक वृद्धांच्या रांगेकडे वळला. त्याला तारकाला वाचवायचंच होतं. "ज्यानं या कोठारातलं धान्य खाल्लं असेल त्यानं हात वर करावा," तो म्हणाला. "कोणालाही काही होणार नाही."

प्रत्येक म्हाताऱ्याच्या मागे त्याचा मुलगा उभा होता. रांगेतल्या माना खाली गेल्या. एकही हात वर झाला नाही. तारक त्यांच्याकडे बघतही नव्हता, आपल्या बघण्यानं कोणाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो नदीकडे तोंड करून उभा राहिला.

म्हाताऱ्यांचं धान्य चोरणाऱ्याला नावाड्यांत सर्वांत मोठी शिक्षा असे, कारण ते धान्य पवित्र मानलं जाई. पंचांनी त्याचं वल्हं दगडावर आपटून मोडलं. गळ्यातल्या किल्ल्या काढून घेतल्या. यापुढे कोणत्याही होडीनं त्याला नेऊ नये असं ठरलं. त्याला बायकोपोरं नव्हती, आणि आता केसही पिकायला लागले होते. त्यानं आयुष्यभर रांजणात टाकलेल्या मुठी तिथेच राहिल्या. तो काठाकाठानं चालत वरच्या अंगाला निघाला, आणि कोणी त्याच्या मागे थुंकलं, कोणी दगड उचलला.

तो वळणाआड गेल्यावर पाटली उठली. भिंत नव्हती म्हणून तिनं शेजारणीचा खांदा धरला.

"मी खाल्लं," ती म्हणाली. "पोटभर खाल्लं. त्यानं चोरलं नाही. माझा नवरा तूपभात म्हणाला तेव्हा त्याच्या पोटात पाणी होतं. मी घरात होते, मला माहीत आहे."

सोणक धावत पुढे आला. तो रागावला नाही. त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे बघून हळूच म्हणाला, "बाबा गेल्यापासून हिचं असंच चाललंय. काहीही बोलते. मनाला लावून घेऊ नका."

लोकांना गलबलून आलं. किती सांभाळतो आईला, असं बायका म्हणाल्या. शेजारच्या म्हातारीनं, जी गेलं वर्षभर दुपारी निवडायला बसत होती, पाटलीचा पदर ओढून तिला खाली बसवलं. अमात्यानंही मान हलवली. मग उरलेलं धान्य शिजवलं गेलं, कारण पौर्णिमा होती आणि पाहुणे आले होते. सोणकानं आईला पहिल्या पंगतीत बसवलं आणि सगळ्यांदेखत तिच्या भातावर स्वतः तूप वाढलं. पाटलीला भूक लागली होती. ती जेवली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली तेव्हा विहारात आदल्या दिवशी एक गोष्ट घडली होती. अन्न वाटताना रांगेत एक म्हातारी आली. वाटणाऱ्या भिक्षूनं सगळ्यांसमोर तिला विचारलं, "आजी, तुला मुलं नाहीत का?" ती म्हणाली, "आहेत, फार चांगली आहेत." आणि रिकामं भांडं घेऊन परत गेली. भिक्षू धर्मसभेत त्यावरच बोलत बसले होते.

कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची पाटली म्हणजे ही म्हातारी. तिंबरू तिचा नवरा होता, तो गेल्या वर्षी गेला. सोणक म्हणजे तिचा मुलगा, तोच, जो दर पौर्णिमेला आपल्या विहाराला तांदूळ पाठवतो आणि ज्याची तुम्ही स्तुती करता. बलाहक म्हणजे तो प्रश्न विचारणारा भिक्षू. तारक कोठारी मीच होतो."

एका भिक्षूनं विचारलं, "भगवन्, आणि ज्यांनी खाल्लं पण हात वर केला नाही, ते म्हातारे?"

"ते तुम्ही," शास्ता म्हणाले. "काल ती परत गेली तेव्हा तुम्ही रांगेतच बसला होतात, आणि तुमची पात्रं भरलेली होती."

ही दानपारमितेची, म्हणजे दानाच्या परिपूर्णतेची, कथा आहे. घेणाऱ्याकडून त्याची लाज न मागता जे दिलं जातं, त्यालाच दान म्हणतात.